जगाच्या नकाशावर बिनकानाचा कप

ज्या वर्षी जगातल्या मोठ्या देशांच्या बैठकांचं यजमानपद आपल्याकडे आलं होतं, त्या वर्षी त्यातली एक बैठक रायपूरच्या वाट्याला आली. बैठक नवा रायपूरला, पण रंगरंगोटी सगळ्या शहराला. तेलीबांध्याच्या पुढे रस्त्याच्या मधोमध फुलांच्या कुंड्या आल्या, भिंतींवर चित्रं आली, चौकाचौकात निरनिराळ्या देशांचे झेंडे लागले. शाळेतली पोरं बसमधून येताना झेंडे ओळखायची पैज लावायची आणि वर्गात आल्यावर मला विचारायची, मॅडम, तो कुठला? मला निम्मे यायचे.

मी इथल्या एका खाजगी शाळेत दहावीला सामाजिक विज्ञान शिकवते. बावीस वर्षं झाली. वर्गात हिंदी, पुस्तकात इंग्रजी, घरी मराठी. माझे वडील भंडाऱ्याकडचे. रेल्वेत मालडबे दुरुस्त करणारे फिटर म्हणून इथे आले आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत आणि माझ्याकडे असतात. माझ्या मुलाला त्यांचं बोलणं सगळं समजतं, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. आम्ही बौद्ध आहोत. हे आधीच सांगते, कारण रायपूरला नव्याने येणारे मराठी लोक ते माझ्या आडनावावरून ओळखतात. इथे मी आडनाव सांगणार नाही, तेव्हा एवढं तरी सांगायला हवं.

बैठकीच्या इमारतीतच शाळांचं एक प्रदर्शन भरणार होतं. दोन सत्रांच्या मधल्या वेळात परदेशी पाहुणे तिथून फिरणार, मुलं त्यांना माहिती सांगणार. आमच्या शाळेला विषय मिळाला होता, भारताचा इतिहास आणि आजच्या जगातलं त्याचं स्थान. प्राचार्या मॅडमनी काम माझ्यावर सोपवलं आणि वरून आलेली एक यादी हातात ठेवली. शून्य, योग, आयुर्वेद, मसाले, बुद्ध, अंतराळ. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी तयारच होत्या.

यादीतल्या गोष्टींशी माझं भांडण नव्हतं. त्याच्या थोडं आधी आपलं यान चंद्रावर उतरलं, तेव्हा मी आणि बाबा टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होतो, आणि बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण बुद्धाखालची ओळ मला अडली. भारताने जगाला बुद्ध दिला, असं लिहिलं होतं. दिला खरा, आणि असा दिला की घरात शिल्लकच ठेवला नाही. लंकेला दिला, चीनला दिला, जपानपर्यंत पोचवला. आणि इथून दोनेक तासांवर सिरपूरला त्याच्या विहारांच्या विटा जमीन खणून बाहेर काढाव्या लागल्या. त्याला घरी परत आणला तो माझ्या आजोबांच्या पिढीने, नागपूरच्या मैदानावर, पांढरे कपडे घालून. ती ओळ यादीत नव्हती.

मी यादी टेबलाच्या खणात ठेवली आणि दहावीच्या वर्गाला एक प्रश्न घातला. तुमच्या घरातून जगात काय गेलं, आणि जगातून तुमच्या घरात काय आलं? घरी विचारून या.

पहिल्या दिवशी निम्मा वर्ग रिकाम्या हाताने आला. आमच्या घरातून कुठे काय जाणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग बीरगांवहून येणारी एक मुलगी उठली. तिचे वडील उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लोखंडी सळ्या ओढतात. त्यांनी तिला सांगितलं होतं की सळ्यांच्या काही गठ्ठ्यांवर परदेशातल्या बंदरांची नावं रंगवलेली असतात आणि ते गठ्ठे जहाजाने जातात. ती नावं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती बिडीच्या बंडलाच्या कागदावर जशीच्या तशी उतरवून आणली होती. तो कागद तिने फळ्यासमोर धरला.

मग सुरूच झालं. पंडरीतल्या एका कापड दुकानदाराचा नातू सांगायला लागला की त्याचे पणजोबा फाळणीत सिंधमधून आले तेव्हा कापड मोजायचा लोखंडी गज तेवढा सोबत होता. एका मुलीच्या पणजीची मोठी बहीण इंग्रजांच्या काळात चहाच्या मळ्यांवर आसामला गेली आणि पुन्हा कधी आली नाही. घरात तिचं काहीच उरलेलं नाही, फक्त दर हरेलीच्या सणाला एक पान तिच्या नावाने जास्तीचं वाढतात. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, आमचं काही जात नाही. नंतर बोलता बोलता निघालं की त्याचा भाऊ तेलीबांध्याच्या एका ऑफिसात अमेरिकेतल्या लोकांचे फोन घेतो आणि त्यांना स्वतःचं नाव वेगळंच सांगतो, कारण खरं नाव त्यांना उच्चारता येत नाही. मी म्हटलं, मग जातं की. रोज आवाज जातो, आणि नाव इथेच ठेवून जातो.

आम्ही जगाचा एक भलामोठा नकाशा पुठ्ठ्यांवर काढला. रायपूरवर एक खिळा ठोकला आणि प्रत्येक घराचा लोकरीचा लाल धागा त्या खिळ्यापासून जगात सोडला. धाग्याच्या टोकाला कार्ड, कार्डावर त्या घराची गोष्ट, हिंदीत आणि इंग्रजीत. शून्य आणि योगही ठेवले, एका कोपऱ्यात.

मग मुलांनी मला विचारलं, मॅडम, तुमच्या घराचा धागा कुठे आहे?

माझ्या घरी एक कप आहे. आजोबांच्या गावी एसटीच्या थांब्याजवळ चहाचं हॉटेल होतं. आमच्या लोकांसाठी बाहेरच्या भिंतीच्या कोनाड्यात एक कप ठेवलेला असायचा, कान तुटलेला. मालक त्यात वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. आजोबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलात शिरले, आतल्या बाकावर बसले आणि चहा मागितला. मालक म्हणाला, तुझा कप बाहेर आहे. आजोबा उठले, कोनाड्यातला कप उचलला, खिशात घातला आणि घरी घेऊन आले. मालकाने दुसरा ठेवला. आजोबांनी तोही आणला. तिसराही आणला. त्यानंतर मालकाने कप ठेवणं बंद केलं आणि पुढची कित्येक वर्षं आमच्या लोकांना तिथे चहाच मिळाला नाही. आजोबा म्हणायचे, नाही मिळाला तर नाही मिळाला. तीन कपांतले दोन फुटले. एक बाबांच्या ट्रंकेत आहे, भंडाऱ्याहून इथवर आलेला.

मी तो मागितला तेव्हा बाबा चिडतील असं वाटलं नव्हतं. ते आयुष्यभर कोणापुढे वाकले नाहीत. वर्कशॉपमध्ये पाण्याच्या माठावरून एका फोरमनशी त्यांचं भांडण झालं होतं, ते मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. पण कपाचं नाव काढताच ते म्हणाले, “काहून ठेवून राहिली तू तो कप त्याईच्यासमोर?”

मी म्हटलं, खरं आहे म्हणून.

“खरं त हायेच. पन पाहून त्याईले काय वाटंन? बिचारे लोक, असं वाटंन. माहा बाप बिचारा नोता.”

मी विषय सोडला आणि मनातल्या मनात कप नकाशावरून काढूनही टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले. एका हातात फडक्यात गुंडाळलेला कप, दुसऱ्या हातात आजोबांचा फोटो. फोटोत आजोबा डोक्याला फेटा बांधून, छाती काढून, कॅमेऱ्याकडे रोखून बघत उभे आहेत.

“कप एकटा नाही ठेवाचा,” ते म्हणाले. “बाजूले ह्यो फोटो ठेवजो. आन् लिहिजो, का यानं उचलून आनला. कोनी देल्ला नाही.”

मी तसंच लिहिलं.

प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी सगळ्या शाळांची तयारी बघायला एक तरुण आला. पुण्याचा, पस्तिशीतला. नवा रायपूरला सरकारी सल्लागार म्हणून आलेला होता आणि प्रदर्शनाचं काम त्याच्याकडे होतं. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याला मनापासून आनंद झाला. महिन्याभरात मराठी कानावर पडलं नाही म्हणाला. आम्ही कुठले, बाबा काय करायचे, हे झालं. मग सहजच विचारल्यासारखं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याचं हसू होतं तिथेच राहिलं, पण त्याच्यामागचं माणूस दोन पावलं मागे सरकलं. हे मला नवं नाही. बोलता बोलता पंख्याचं बटण कोणीतरी बंद करावं, तसं असतं ते. पातं फिरत असतं, वारा येत नाही.

तो वाईट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. त्याने नकाशा नीट पाहिला, प्रत्येक कार्ड वाचलं. सळ्यांचा धागा त्याला फार आवडला. मग त्याने तीन गोष्टी काढायला सांगितल्या. आसामचा धागा, फोनवर नाव बदलणाऱ्या भावाचं कार्ड, आणि कप. प्रदर्शनाचा सूर सकारात्मक आहे, पाहुण्यांसमोर आपल्या घरातलं उणंदुणं कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

मी विचारलं, “यात खोटं काय आहे?”

“खोटं काहीच नाही, मॅडम. प्रश्न खऱ्याखोट्याचा नाहीच आहे.”

“मी इतिहास शिकवते. माझ्यापुढे दुसरा प्रश्नच नसतो.”

तो हसला. आवाज खाली आणून म्हणाला की माझ्याही वर लोक आहेत, आपण मराठी माणसं, तुम्ही समजून घ्या. मी म्हटलं, “आपण म्हणजे कोण, ते तुम्ही आत्ताच आडनाव विचारून ठरवलंत.” त्याचा चेहरा उतरला. एवढं बोलायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आणि अजूनही वाटत नाही.

प्राचार्या मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्या छत्तीसगढी, शांत स्वभावाच्या, आणि माझ्याशी कधी वाकड्यात शिरलेल्या नाहीत. त्यांना कटकट नको होती. तिन्ही वस्तू घरी ठेवा, बाकी नकाशा सुंदर आहे, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी म्हटलं, नकाशा जाईल तर पूर्ण जाईल, नाहीतर माझं नाव काढा आणि यादी लावा. त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत विचार करायला सांगितलं.

मी वर्गात मुलांना जसं घडलं तसं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. बीरगांवच्या मुलीने विचारलं की तिच्या वडिलांचा धागा राहणार ना? मी म्हटलं, तुझ्या वडिलांचा त्यांना आवडलाय, तो राहणारच. ती म्हणाली, “तो मैडम, अकेले पापा का नहीं रखेंगे. सबका रहेगा, नहीं तो किसी का नहीं.” आसामच्या धाग्यावाली मुलगी तिच्याकडे बघत होती. त्या दोघींचं एरवी फारसं पटत नाही.

हे मी प्राचार्यांना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, ठीक है, ले जाइए. मला वाटलं, जिंकलो.

आदल्या दिवशी सामान घेऊन गेलो तेव्हा कळलं. मुख्य दालनात आमच्या शाळेच्या जागेवर शून्य, योग आणि मसाल्यांची चकचकीत पोस्टरं लागलेली होती. वर आमच्या शाळेचं नाव होतं. आम्हाला जागा दिली होती स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात, जिथून चहाच्या किटल्या बाहेर येतात. मुलांची तोंडं एवढीशी झाली. मला संताप आला, पण मुलांसमोर मी स्टूल ओढलं, वर चढले आणि नकाशा टांगायला लागले. खिळा मी स्वतः ठोकला. आवाज मुख्य दालनापर्यंत गेला असेल. जावा असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मधल्या सुट्टीत एकही पाहुणा आमच्याकडे फिरकला नाही. आले ते वाढपी. फेटे, पांढरे हातमोजे, कडक इस्त्रीचे कोट घातलेली आपल्याकडचीच माणसं. त्यातला एक पन्नाशीचा माणूस कपासमोर थांबला, आजोबांच्या फोटोकडे बघितलं आणि कार्ड वाचलं. मग हातातला ट्रे खाली ठेवून त्याने तिथल्या एका मुलीला विचारलं की नकाशावर मस्कत कुठे आहे. तो तिथे सहा वर्षं इमारतींवर काम करून आला होता. त्याच्या घराचाही धागा लागेल का, असं त्याला विचारायचं होतं. मुलींनी लावला. कार्डावर काय लिहायचं म्हटल्यावर तो म्हणाला, “लिख दो, होटल हम बनाए, अंदर एक बार भी नहीं गए.” तासाभरात एक सफाईवाली बाई आणि एक ड्रायव्हर असे आणखी दोन धागे लागले. मुलांचे चेहरे खुलले होते. पाहुण्यांची वाट बघणं ती विसरूनच गेली.

दुसऱ्या सुट्टीत एक इंग्रज बाई बिनदुधाचा चहा शोधत बोळात आल्या. साठीच्या, उंच, गळ्यात ओळखपत्र. चहाचा कप हातात घेऊन वळल्या आणि नकाशा पाहून थांबल्या. आसामचं कार्ड त्यांनी दोनदा वाचलं. मग टेबलावरच्या कपाकडे बोट करून मला विचारलं, हे काय आहे? तेवढ्यात तो पुण्याचा तरुण घाईघाईने त्यांच्या मागून आला आणि त्यांना मुख्य दालनाकडे चला म्हणू लागला. बाई हलल्या नाहीत.

मला इंग्रजी येतं. पुस्तकातलं का होईना, पण येतं. तरीही मी त्याच्याकडे वळून म्हटलं, “मी मराठीत सांगते. तुम्ही त्यांना सांगा. जसंच्या तसं.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाई वाट बघत होत्या, त्यामुळे त्याला नाही म्हणता येईना. मी कपाची गोष्ट सांगितली, एकेक वाक्य थांबून. तो एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला. कोनाडा, तुटलेला कान, वरून ओतलेला चहा, खिशात घातलेला कप. मी कान देऊन ऐकत होते. एकही शब्द त्याने गाळला नाही.

बाईंनी विचारलं, हे अजूनही असं असतं का?

ते मलाच विचारलेलं होतं. मागे मुलं उभी होती, वाढपी उभे होते. परदेशी माणसासमोर देशाचं काय सांगायचं, हा प्रश्न मी आयुष्यभर वर्गात टाळलाय असं नाही, पण असा समोर येऊन कधी उभा राहिला नव्हता. मी म्हटलं, “सगळीकडे नाही, पण आहे. कोनाड्यातला कप गेला. आडनाव विचारणं राहिलं.”

तो थांबला. त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने सांगितलं. आडनावाचा शब्द उच्चारताना बुटांकडे बघत सांगितला, पण सांगितला.

“आणि हेही सांगा,” मी म्हटलं, “की ज्या घरात हा कप आला, त्या घरातली मी या देशाचा इतिहास शिकवते. हे आम्हाला कोणी बहाल केलं नाही. कायद्यात लिहून घेतलं, आणि तो कायदा लिहिणाऱ्यांत आमचं माणूस पुढे होतं. जगात दुसऱ्या कुठल्या देशाने हे असं केलंय का, तेही त्यांना विचारा.”

बाईंचे डोळे ओले झाले. छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या की तुमच्या लोकांनी जे सोसलं त्याचं मला फार दुःख होतं. त्या मनापासूनच म्हणत होत्या. पण बाबांनी नेमकं हेच सांगितलं होतं. बिचारे लोक. माझ्या अंगाची आग झाली, आणि या वेळी आग दुसऱ्या दिशेला होती. मी आसामच्या धाग्यावर बोट ठेवलं.

“त्यांना विचारा, हा धागा त्यांच्या शाळेत कुठल्या धड्यात शिकवतात?”

हे भाषांतर त्याने जरा जोरात केलं, असं मला वाटलं.

बाईंनी हातातल्या चहाकडे बघितलं. मग म्हणाल्या की शिकवत नाहीत, आम्हाला एवढंच शिकवलं की आम्ही तुम्हाला रेल्वे दिली. त्यावर मला हसूच आलं. मी सांगितलं की माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं त्या रेल्वेचे डबे दुरुस्त केलेत, तेव्हा ती कोणी दिली आणि कोणी चालवली, ते एकदा त्यांना भेटून विचारा. बाईही हसल्या, पण ओशाळून. त्यांनी कपाचा फोटो काढू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, काढा, पण एकट्या कपाचा नाही, शेजारच्या माणसासकट. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन आजोबा आणि कप दोन्ही येतील असा फोटो काढला आणि मुलांशी हात मिळवून गेल्या.

तो तरुण मागे राहिला. म्हणाला, “आता माझं काय होतंय ते बघा.” त्याचं काय होईल ते मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याची काळजीही नव्हती.

झालं ते माझंच झालं. पंधरा दिवसांनी शाळेच्या व्यवस्थापनाची नोटीस आली. मंजुरी नसलेली वस्तू मांडली, परदेशी पाहुण्यांसमोर देशाची प्रतिमा मलिन होईल असं बोलले, त्याबद्दल लेखी माफी का मागू नये? सोबत तोंडी हुकूम, दहावी काढून घेतली, सहावी दिली. सहावीला शिकवण्यात मला कमीपणा वाटत नाही. पण तो कमीपणा म्हणूनच दिला होता, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना कळत होतं. दोन सहकारी माझ्या शेजारी बसायचे बंद झाले. एकीने मात्र आपला डबा उचलून माझ्या टेबलावर आणला, आणि तेव्हापासून आम्ही रोज एकत्र जेवतो.

पुण्याच्या त्या तरुणाचा फोन आला. तक्रार त्याने केलेली नव्हती, हे त्याला मला सांगायचं होतं. मला ते खरं वाटलं. मी म्हटलं, मग मी काय बोलले ते तुम्हाला शब्दशः माहीत आहे, तेवढं दोन ओळींत लिहून द्या. बघतो म्हणाला. ते पत्र मला अजून आलेलं नाही.

उत्तराचा मसुदा मी हिंदीत लिहिला आणि बाबांना मराठीत करून वाचून दाखवला. वस्तू माझ्या घरातली होती. मजकूर खरा होता. मी देशाबद्दल एकही खोटं वाक्य बोलले नाही. मला खेद नाही.

बाबा खाटेवर बसून डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “खेद नाही, असं काहून लिहितं? खेदाची गोष्टच त्याईनं काढली, तुले कायले पायजे? लिही, का पुन्हा ठेवीन.”

मी शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं, पुन्हा संधी मिळाल्यास पुन्हा ठेवीन. सही करून पोच घेतली.

पुढच्या आठवड्यात बीरगांवच्या मुलीचे वडील शाळेत आले. रात्रपाळी करून सरळ, कारखान्याच्या कपड्यांतच. दहावीचं सामाजिक विज्ञान आता कोण शिकवणार, एवढंच त्यांना विचारायचं होतं. शाळेचा अंतर्गत मामला आहे असं सांगितल्यावर ते छत्तीसगढीत हव, म्हणजे हो, म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. दोन तास. दुसऱ्या शनिवारी पुन्हा आले, सोबत आणखी दोन पालक. आवाज कोणी चढवला नाही. येऊन बसायचे, विचारायचे, हव म्हणायचे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचे.

डिसेंबरात प्राचार्या मॅडमनी मला बोलावलं. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्या जागी दिलेल्या शिक्षकाचा विषय वेगळाच होता, त्याला तरी काय बोलणार. त्या म्हणाल्या, आजपासून दहावी तुम्हीच घ्या, झालं गेलं विसरा. नोटीसचं काय, असं मी विचारलं. ती फायलीत राहू दे, कोण उघडून बघतंय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी म्हटलं, काढून घेतली तोंडी, परत द्यायची तर लेखी द्या. आणि माझं उत्तर नोटिसीच्या शेजारी त्याच फायलीत लावा.

“आप बहुत ज़िद्दी हैं,” त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. मग त्यांनी खणातून शाळेचा शिक्का काढला, एक कोरा कागद पुढे ओढला आणि चार ओळी लिहिल्या. मी उभी राहून वाचल्या, एका जागी तारीख राहिली होती ती घालून घेतली आणि कागद पर्समध्ये ठेवला.

तिसरा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. तीन धडे मागे पडले होते, आणि मुलांना परीक्षेला उरले होते अडीच महिने. मी आत गेले, फळा पुसला आणि शिकवायला सुरुवात केली.